आधीचा फोटो

मी छातीच्या सीटी स्कॅनची फिल्म बोलतेय. टेबलावर ठेवलीत तर मी नुसतं काळं, गुळगुळीत पान आहे. खिडकीच्या उजेडासमोर धरलीत, की माझ्यात एका माणसाची छाती दिसते. वीस आडवे काप, चार ओळींत पाच-पाच. वरच्या कोपऱ्यात इंग्रजीत नाव, श्रीपत, वय एकसष्ट, पुरुष.

तो माणूस आता नाही. त्याचं फुप्फुस माझ्यावर अजून तसंच आहे, पहिल्या दिवशी होतं तसं.

मला बोलायची हौस नाही. एका दुपारी घरात एक साधी गोष्ट घडली. ती घडताना तिथे मी होते आणि दोन माणसं होती. ती दोघं गप्प राहिली. म्हणून हे काम माझ्याकडे आलं.

माझा जन्म महाडचा. एसटी स्टँडपासून चालत जाता येईल अशा एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर स्कॅनचं यंत्र होतं. दिवाळी होऊन आठवडा झाला असेल. श्रीपत त्या यंत्राच्या फळीवर उताणा पडला होता, हात डोक्यामागे घेऊन. यंत्र चालवणारा भरत काचेपलीकडे गेला आणि यंत्रातून एक बाई हिंदीत म्हणाली, श्वास रोखा.

"कोन बोलतंय?" श्रीपतने मान उचलून विचारलं.

"मशीन बोलतंय काका. हलू नका. ती सांगते तसं करा."

"हिला मराठी येत नाय व्हय?"

भरत हसला. श्रीपतही हसला, आणि हसता हसता त्याला जी खोकल्याची उबळ आली ती थांबेना. स्कॅन पुन्हा पहिल्यापासून करावा लागला.

छापून बाहेर पडले तेव्हा मी कोमट होते. माझ्याबरोबर एक सीडीही निघाली. माझ्यावर वीस काप, तिच्यात चारशेच्या वर. दोघींना एकाच मोठ्या पाकिटात घातलं. मी पुढे, ती आतल्या कागदी खिशात. मला जो तो उजेडासमोर धरू लागला. तिच्याकडे कुणी पाहिलंही नाही.

श्रीपत बांधकाम खात्यात मैलकुली होता. रस्त्याचा नेमून दिलेला तुकडा सांभाळायचा, गटारं उपसायची, खड्डे भरायचे, दरड आली की फावडं घेऊन धावायचं. नोकरीची एकतीस वर्षं पोलादपूरच्या पुढे कशेडी घाटात गेली. दगडाची धूळ आणि ट्रकांचा धूर त्याने पोटभर खाल्ला होता, आणि वर विडी होतीच. निवृत्त होऊन तो तुडीलला आपल्या घरी आला, सावित्रीच्या काठी, बौद्धवाडीत. त्या पावसाळ्यात खोकला लागला. डॉक्टरांनी एक बाटली दिली, मग दुसरी. टीबीसाठी थुंकी तपासली, ती साफ आली. घरच्यांना हायसं वाटलं. भात कापायला आलं आणि थुंकीत रक्त दिसलं. हे सगळं मी नंतर ऐकलं, दर नव्या डॉक्टरला सांगताना.

महाडच्या डॉक्टरांनी मला दिव्याच्या पेटीवर लावलं तेव्हा आत श्रीपतची दोन मुलं होती. मोठा अरविंद, मुंबईत एका कुरिअर कंपनीत नोकरीला. धाकटी निशा, पोलादपूरच्या शाळेत शिक्षिका. श्रीपतला बाहेर बाकावर बसवलं होतं.

माझ्या नवव्या चौकटीत, उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात, एक पांढरा डाग आहे. सुपारीएवढा, कडेने बारीक काटे फुटल्यासारखा. डॉक्टरांनी त्यावर पेनाचं टोक ठेवलं. "तुकडा काढून तपासायला लागेल. पण मला तरी ही गाठ चांगली वाटत नाही."

तेवढ्यात दार ढकलून श्रीपत आत आला.

"माज्याच छातीचा फोटो हाय ना? मग मला बाहेर कशाला बसवलंय?"

डॉक्टरांनी अरविंदकडे पाहिलं. श्रीपत सरळ माझ्यासमोर येऊन उभा राहिला. त्याचा श्वास माझ्यावर येत होता. "ह्यो पांढरा हाय, तो?"

"हो."

"क्यान्सर?"

"तपासल्याशिवाय तसं सांगता येत नाही."

"नका सांगू. तुमच्या तोंडावर दिसतंय."

जिना उतरताना तो मध्येच थांबला, कठड्याला धरून. मी निशाच्या काखेत होते.

"घरी हिला काय बोलायचं नाय," तो म्हणाला. "हिच्या बहिणीला ह्योच रोग झाला तवा म्हैनाभर अन्न घेतलं नव्हतं हिनं. सांगा, छातीत पू झालाय."

"बाबा, आईपासून किती दिवस लपवणार?" निशा म्हणाली.

"मी सांगतो तसं करा!"

"बाबा बरोबर बोलतायत," अरविंद म्हणाला. "उगाच टेन्शन नको तिला."

त्या वेळी मला ते गोड वाटलं. बायकोला जपणारा माणूस आहे, असं मनात आलं. मी नवीन होते.

कमळाबाई दारातच उभी होती. उंच, हाडापेराने मजबूत बाई. नवरा एकतीस वर्षं घाटात, त्यामुळे जमिनीच्या तुकड्यातलं भात आणि त्यानंतरचा वाल तिने एकटीने पिकवला होता. पाकीट पाहून तिने पदराला हात पुसले आणि पुढे केले.

"काय दिसलं फोटूत? बघू."

"पू झालाय. सुया घ्यायला लागतील," अरविंद म्हणाला. "आणि तुला काय कळनार त्यात, आये?"

तिचे पुढे आलेले हात तसेच थोडा वेळ राहिले. मग तिने ते मागे घेतले आणि पाणी आणायला आत गेली. त्यानंतर तिने मला कधी मागितलं नाही.

पनवेलच्या एका दवाखान्यात तुकडा तपासला गेला. डॉक्टरांनी ओळखलं होतं तेच निघालं. डिसेंबरात सलाइनमधून औषध सुरू झालं. पहिल्या डोसानंतर श्रीपतचे केस उशीवर पडू लागले. कमळाबाई ते रोज सकाळी गोळा करायची आणि काही विचारायची नाही. एकदा विचारलं तर नवरा म्हणाला, "औषध गरम पडतंय गो." ती म्हणाली, "असंल."

प्रत्येक खेपेला मी बरोबर जायचे. पनवेलचे डॉक्टर मला एकदा वर धरून पाहायचे आणि खाली ठेवायचे. सीडी त्यांनी एकदाही मागितली नाही. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण पुढे जे झालं त्यात अरविंदला अगदीच नालायक ठरवू नये. त्याला खरोखरच वाटत होतं, की जे काही आहे ते माझ्यावरच आहे.

आता ती दुपार.

दुसरा डोस होऊन दोन दिवस झाले होते. जानेवारी होता. श्रीपत नदीकडे उन्हात बसायला गेला होता, निशा शाळेत होती. अरविंद मुंबईला परत जायला निघाला होता आणि बॅगेची चेन लागत नाही म्हणून चिडला होता. कमळाबाई नवऱ्याचे कागद कपाटात ठेवत होती. पाकिटाचा आतला खिसा फाटलेला. सीडी घसरून जमिनीवर पडली आणि गोल फिरत पलंगाखाली गेली.

तिने ती वाकून काढली, पदराने पुसली.

"अरविंदा, ही कसली रे थाळी? बाबांच्या कागदात व्हती."

अरविंदने वर पाहिलं. मी अर्धी पाकिटाबाहेर होते, त्याचा चेहरा मला स्वच्छ दिसला. ही बाबांच्या स्कॅनची आहे, एवढंच सांगायचं होतं. पण मग तिने विचारलं असतं, स्कॅनमध्ये काय आहे?

"कायच नाय त्यात," तो म्हणाला. "जुनी असंल कुठली तरी."

"कामाची नाय ना?"

"नाय गं."

"मंग वालावर लटकवते. पोपट लय झाल्यात शेंगांवर. ही चमकली की बिचकतील."

"लटकव," तो म्हणाला. "माझी गाडी चुकंल आता."

लटकव, हा शब्द त्याचा. मी ऐकला, कमळाबाईने ऐकला. तिसरं ऐकणारं कुणी नव्हतं.

आठवडाभरात श्रीपतचा दम वाढला. निशाने शाळेतल्या एका बाईंच्या ओळखीने मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नाव नोंदवलं. तिथे आम्हाला डॉक्टर सेजल भेटली. पस्तिशीची असेल. तिचं वेगळेपण हे, की ती अरविंदशी न बोलता श्रीपतशी बोलली.

"बाबा, गाठ केवढी आहे ते आम्ही मोजतोच," ती म्हणाली. "पण औषध लागू पडलं तरी गाठ लगेच लहान होत नाही. कधी तर आधी सुजते. मग आम्ही वाट बघत बसतो. आणि औषध चुकीचं निघालं, तर ते महिने फुकट जातात."

"मंग करायचं काय?"

"गाठीच्या आतली ठेवण सगळीकडे सारखी नसते. कुठे दाट, कुठे विरळ. औषध लागू पडायला लागलं की ती बदलते, कडा बदलते. डोळ्यांना दिसत नाही, पण कॉम्प्युटर मोजू शकतो. औषध सुरू करण्याआधीचा स्कॅन आणि दोन डोसांनंतरचा स्कॅन शेजारी ठेवला, की हे औषध चालणार की नाही याचा अंदाज बराच आधी येतो. त्यावर आमचा अभ्यास चाललाय. चालणार नाही असं दिसलं, तर त्याच अभ्यासातून दुसरं औषध देता येतं."

श्रीपत म्हणाला, "दरडीसारका हाय म्हना की."

"कसं?"

"घाटात आमी हेच करायचो. दरड काय एका दिसात येत नाय, बाई. आदी डोंगरातनं झिरपतं ते पानी गढूळ व्हतं. वरची झाडं जराशी कलतात. गाडीतनं जानाऱ्याला कायच दिसत नाय. पन रोज बघनाऱ्याला कळतं. तेला काल डोंगर कसा व्हता ते ध्यानात असाया पायजे. तरच आज बदलला ते कळनार."

डॉक्टर सेजलने लिहिणं थांबवलं. "बरोबर," ती म्हणाली. "मला कालचा डोंगर हवाय."

अरविंदने घाईघाईने मला पाकिटातून ओढून तिच्यापुढे धरलं. "ही आहे ना मॅडम. औषधाच्या आधीचीच आहे."

तिने मला दिव्यावर लावलं, नवव्या चौकटीपाशी थांबली, आणि मान हलवली. "फिल्मवर हे होत नाही. हिच्यावर निवडक वीस चित्रं छापलीत. कॉम्प्युटरला मूळ स्कॅन लागतो, सगळेच्या सगळे काप. सीडी दिली असेल ना तुम्हाला?"

"असंल घरी," अरविंद म्हणाला. मी त्याच्या हातात परत आले होते. त्याच्या बोटांना घाम सुटला होता, त्याचे ठसे अजून माझ्या कडेला आहेत.

"पुन्हा काढता येईल ना स्कॅन?" निशाने विचारलं.

"आजचा काढूच. पण उपचाराआधीचा आता कसा काढणार?"

निशाने व्हरांड्यातून महाडला फोन लावला. भरतनेच उचलला. "मॅडम, आम्ही दोन महिनेच ठेवतो. मशीनमध्ये जागा राहत नाही. म्हणून तर सीडी हातात देतो."

मला त्या दिवशी स्वतःचीच लाज वाटली. उपचाराआधीची म्हणून मिरवत होते, आणि ज्याची गरज होती ते माझ्याजवळ नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तुडीलला पोचलो. श्रीपतला गाडीतून उतरवून अंगणात खुर्चीवर बसवलं. आजारी माणूस मुंबईहून आला म्हणून वाडीतली माणसं जमली. शेजारची प्रयागबाई होती, आणखी सात-आठ जणं होती. कमळाबाई चहाचे पेले घेऊन बाहेर आली.

"आये, ती सीडी कुठं हाय?" अरविंदने विचारलं.

कुठे आहे ते त्याला ठाऊक होतं. तरी त्याने सगळ्यांसमोर विचारलं.

"वालावर हाय की."

निशा धावत गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात सीडी होती, भोकात सुतळी अडकवलेली. रोजच्या वाऱ्याने ती काठीवर घासून घासून एका बाजूने खरवडली गेली होती. दवाने आणि उन्हाने चकाकीचे पापुद्रे सुटले होते. निशाने बोट फिरवलं तर तिच्या बोटाला चांदी लागली.

"आये, काय केलंस तू हे!" अरविंद ओरडला. "बाबांचा जीव होता त्यात! पाखरांना टांगलास बाबांचा जीव!"

कमळाबाईच्या हातात पेल्यांचं ताट होतं. तिने लेकाकडे पाहिलं. तिचं तोंड उघडलं. मी निशाच्या पिशवीतून डोकावत होते. आता बोलेल, असं मला वाटलं. मग तिने खुर्चीतल्या नवऱ्याकडे पाहिलं. तो तोंड उघडं टाकून धापा टाकत होता. तिने ताट ओट्यावर ठेवलं.

"मला ठाव नव्हतं," ती म्हणाली. "पन त्यांना झालंय काय? आता तरी सांगा कुनी."

कुणी सांगेना. शेवटी श्रीपतच बोलला.

"क्यान्सर हाय गो. दिवाळीपास्नं."

अशी तिला बातमी कळली. अंगणात, दहा माणसांसमोर, चोर पकडल्यावर उभं करतात तसं उभं राहून. ती मटकन खाली बसली नाही की रडली नाही. "चा निवतोय," एवढं म्हणाली आणि आत गेली.

महाडच्या दोन दुकानांत सीडी कॉम्प्युटरला लावून पाहिली. नुसती घरघर. दुकानदार म्हणाला, फेकून द्या.

मुंबईचा नवा स्कॅन आला. गाठ किंचित मोठी दिसत होती, कडा धूसर. औषधाने सुजली असेल, किंवा औषधाला न जुमानता वाढली असेल. मोठे डॉक्टर म्हणाले, नेमाप्रमाणे आणखी दोन डोस द्यावेत, मग पाहू. डॉक्टर सेजल बाजूला उभी होती. तिला विचारलं तर ती म्हणाली, "माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही." तिचं खरं होतं. तिच्याकडे आजचा डोंगर होता, कालचा नव्हता.

दोन डोस दिले. त्यात दीड महिना गेला. तिसऱ्या स्कॅनमध्ये डाव्या फुप्फुसात पाच ठिपके होते आणि यकृतावर एक. औषध पहिल्यापासूनच लागू पडलेलं नव्हतं. आता दुसरं द्यायचं तर अंगात ताकद उरली नव्हती. घरी न्या, म्हणाले.

ते शेवटचे दिवस मी कपाटावर होते. कमळाबाई नवऱ्याला उठवायची, पुसायची, मऊ भात भरवायची. एकदा ती म्हणाली, "मला आदी सांगितलं असतं तर?" एवढंच. श्रीपत भिंतीकडे तोंड करून पडला होता. तसाच म्हणाला, "चुकलं माजं." पण त्याला वाटत होतं, आजार लपवला एवढीच ती चूक. सीडी लटकव असं कुणी म्हटलं, ते त्याला ठाऊक नव्हतं. आणि ती त्याला सांगणार नव्हती.

चौदा एप्रिलला वाडीत निळ्या पताका लागल्या. श्रीपतला खुर्चीसकट उचलून विहारापर्यंत नेलं. त्याने हात जोडले, ते खाली घ्यायला दुसऱ्याची मदत लागली. त्यानंतर आठ दिवसांनी तो गेला.

त्याच्या मागे केलेल्या पुण्यानुमोदनाच्या विधीला सगळे नातेवाईक आले. वंदना झाली, जेवणं झाली, आणि जेवणानंतर कुजबुज सुरू झाली. मुंबईच्या डॉक्टरणीकडे औषध तयार होतं म्हणे. फक्त एक सीडी पाहिजे होती. ती म्हातारीने पोपटांना लटकवली. प्रयागबाई डोळे मोठे करून सांगत होती, "मी समोर व्हते ना!" अरविंद पाच हातांवर बसला होता. त्याने ऐकलं. त्याने सुपारीचा तुकडा तोंडात टाकला.

पुढे निशाने डॉक्टर सेजलला फोन केला. तिला एकच विचारायचं होतं. सीडी असती तर बाबा वाचले असते का?

सेजलने गोड बोलायचं टाळलं. "आमचा अंदाज दहापैकी सात वेळा बरोबर येतो. तीन वेळा चुकतो. आणि बरोबर आला तरी दुसरं औषध लागू पडलंच असतं, असं नाही. सीडी असती तर काही महिने मिळाले असते कदाचित. कदाचित काहीच नाही. हे मला आता कधीच सांगता येणार नाही."

निशाला वाटलं, आईच्या डोक्यावरचा भार थोडा उतरेल. तिने आईला सगळं नीट समजावून सांगितलं.

कमळाबाईने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हंजे वाचले बी असते."

त्यानंतर निशाने तो विषय काढला नाही.

श्रावणात अरविंद आला. आईच्या नावाने पेन्शन व्हायची होती, त्यासाठी बापाच्या नोकरीचे कागद हवे होते. कमळाबाईची पत्र्याची पेटी उघडली, कागद काढले आणि त्यांच्याखालून मी निघाले, नवरा गेल्यावर तिने मला तिथे ठेवलं होतं. तो मला हातात घेऊन बसून राहिला. बाहेर ओट्यावर प्रयागबाई आणि दोघी-तिघी बसल्या होत्या, त्यांचं बोलणं आत ऐकू येत होतं.

"आये," तो म्हणाला, "तू मला विचारलं व्हतंस."

कमळाबाई तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. "व्हय."

"मीच लटकव म्हनलो व्हतो."

"व्हय."

"मग त्या दिवशी बोलली का नायस? एवढी मान्सं व्हती."

"तुजा बाप समोर बसला व्हता, रे. दोन घटकांचा सोबती. त्याला काय सांगू, पोरगा खोटं बोलला म्हून?"

अरविंद रडला. आपल्याच गुडघ्यात डोकं घालून, लहान पोरासारखा. मी त्याच्या मांडीवरून खाली घसरले. कमळाबाईने मला उचललं, पुसलं आणि पेटीत ठेवलं.

"मी सांगतो सगळ्यांना," तो म्हणाला. "आत्ता सांगतो. तुझा कायच दोष नाय."

तिने ताट बाजूला सारलं. पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं. "सांग," ती म्हणाली.

तो तोंड धुऊन बाहेर गेला. ती दारापर्यंत त्याच्या मागे गेली. पेटी उघडी होती, मला सगळं ऐकू येत होतं.

"काय रे अरविंदा, झालं का काम?" प्रयागबाईने विचारलं.

"झालं," तो म्हणाला. थोडा वेळ गेला. "महाडला जानारी एसटी किती वाजता हाय?"

"साडेतीनची."

"मग निघायला पायजे."

त्याने चपला घातल्याचा आवाज आला. कमळाबाई दारात उभी होती. वळणावर तो दिसेनासा होईपर्यंत ती तिथेच उभी असावी, कारण बराच वेळ आत कुणी आलं नाही. मग ती आली, पेटीचं झाकण लावलं आणि तांदूळ पुढे ओढले.

तेव्हापासून मी या पत्र्याच्या पेटीत आहे, कमळाबाईच्या दोन लुगड्यांखाली. दमट हवेने माझं एक टोक पाकिटाला चिकटलंय. ओढाल तर फाटेन. नववी चौकट अजून स्पष्ट आहे, पण ती आता कुणाच्याच कामाची नाही. मला डॉक्टरांनी पाहिलं, पोरांनी पाहिलं, खुद्द श्रीपतने पाहिलं. माझ्यावरून पुढचं कळेल म्हणून किती जणांनी मला उजेडासमोर धरलं. ज्या बाईच्या घरात मी राहते तिला मात्र, तुला काय कळणार, असं एकदा सांगितलं गेलं आणि ते कुणी परत घेतलं नाही.

माझं एवढंच मागणं आहे. कधी तुडीलला गेलात आणि कुणी तुम्हाला लांबून ती उंच म्हातारी दाखवून खालच्या आवाजात काही सांगू लागलं, तर ते तिथेच थांबवा. तिच्या ओट्यावर जाऊन बसा. त्या दुपारी काय झालं होतं, हे तिला विचारा. ती सांगेलच असं नाही. चहा करते म्हणून आत निघून जाईल. तरी विचारा. आजवर तिला ते कुणीच विचारलेलं नाही.